मतदारसंघ राखीव, आमदार कुणाचा?

२३ नोव्हेंबर २०२४ रोजी विधानसभेचा निकाल लागला. सातारा जिल्ह्यातील आठही जागा महायुतीने घेतल्या, सांगलीत आठपैकी पाच. कराड दक्षिणमध्ये माजी मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण पडले, कराड उत्तरमध्ये बाळासाहेब पाटील पडले. पुढचे कित्येक दिवस सगळीकडे चर्चा याच पडझडीची होती, आपल्या कार्यकर्त्यांतसुद्धा. मला या सोळा जागांपैकी दोनच जागांबद्दल बोलायचे आहे. फलटण आणि मिरज. या दोन जागा अनुसूचित जातींसाठी राखीव आहेत.

मिरजेत भाजपचे सुरेश खाडे २००९ पासून सलग निवडून येत आहेत. फलटणला तीन वेळा आमदार राहिलेले दीपक चव्हाण या वेळी शरद पवारांच्या राष्ट्रवादीकडून उभे होते. त्यांना अजित पवारांच्या राष्ट्रवादीचे सचिन पाटील यांनी हरवले. पण फलटणमध्ये कुणालाही विचारा, लढत कुणाची होती? उत्तर येईल, रामराजे गट विरुद्ध रणजितसिंह गट. म्हणजे जागा आपल्यासाठी राखीव, उमेदवारही आपल्यातले, आणि लढाई दोन नाईक निंबाळकरांची! जो निवडून येतो तो मग कुणाला उत्तरदायी राहणार?

दोष त्या उमेदवारांचा नाही, रचनेचा आहे. १९३२ च्या जातीय निवाड्याने अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ दिले होते. २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे कराराने प्रांतिक कायदेमंडळांतील राखीव जागा ७१ वरून १४८ झाल्या, पण निवडून देण्याची किल्ली बहुसंख्याकांच्या हातात गेली. तेव्हा निदान एक अट होती. राखीव जागेसाठी आधी अस्पृश्य मतदार आपल्यातून चार जणांचे पॅनेल निवडत. आज तेही नाही. उमेदवार पक्ष ठरवतो आणि पक्ष साखर कारखाना, बँक, दूध संघ ज्यांच्या हातात आहे त्यांचा असतो. म्हणून तिकीट देताना स्वाभिमानी, प्रश्न विचारणारा बौद्ध कार्यकर्ता नको असतो. ही गोष्ट दोन्ही जिल्ह्यांतल्या आपल्या वस्त्यांना ठाऊक आहे.

मी या वस्त्यांत काम करते. निकालानंतर काही सुशिक्षित मित्र म्हणाले, "आपल्या बायकांनी दीड हजारात मत विकले." मला या वाक्याचा राग येतो. समाजशास्त्राच्या वर्गात मी सत्ता आणि संसाधने यांवर पानेच्या पाने लिहिली, पण माण-खटावच्या दुष्काळी पट्ट्यात रोजंदारीवर जाणाऱ्या एका मावशींनी ते एका वाक्यात सांगितले. "पोरी, आजवर कुठल्या सरकारनं माझ्या नावावर पैसे टाकले?" लाडकी बहीण योजनेवर टीका जरूर करावी, मीही करते. पण त्या मावशींना लाचार म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. 'संविधान वाचवा' ही हाक लोकसभेला राज्यात चालली. विधानसभेला ती घेऊन मावशींच्या दारात कोण गेले होते, हा प्रश्न आधी विचारा.

मात्र दुसरी बाजूही त्यांच्या दारात नेली पाहिजे. मे २०२५ मध्ये सामाजिक न्याय खात्याचे सुमारे ४१० कोटी रुपये याच योजनेकडे वळवले गेले आणि खुद्द खात्याचे मंत्री संजय शिरसाट यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली. म्हणजे आपल्या मुलांच्या शिष्यवृत्तीचे आणि वसतिगृहाचे खाते रिकामे करून आईच्या खात्यात पैसे टाकायचे. महाराष्ट्रात अनुसूचित जातींसाठी राखीव जागांवर २९ आमदार आहेत. या पैशाचा हिशेब त्यांनी मागितला पाहिजे. आणि त्यांनी मागितला का, हे आपण त्यांना विचारले पाहिजे.

सांगलीने आपल्याला आणखी एक धडा दिला आहे. २०१९ च्या लोकसभेला येथे वंचित बहुजन आघाडीचे गोपीचंद पडळकर यांना तीन लाख मते पडली. आपले आणि धनगर बांधवांचे तांडेच्या तांडे एकत्र आले होते. त्याच वर्षी पडळकर भाजपमध्ये गेले आणि २०२४ ला जतमधून भाजपचे आमदार झाले. तीन लाख मते ही ताकद खरी होती. पण ती माणसाच्या नावावर जमा झाली, संघटनेच्या नावावर नाही. माणूस उठून गेला, खाते रिकामे झाले.

बाबासाहेबांनी १९३६ मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष काढला आणि १९३७ च्या मुंबई प्रांतिक निवडणुकीत १७ उमेदवार उभे केले. त्यांतले बहुसंख्य निवडून आले. मतदारसंघ तेव्हाही संयुक्तच होते. फरक हा की मजूर, कूळ, शेतकरी यांचा प्रश्न घेऊन पक्ष वर्षभर लोकांत होता.

म्हणून तरुणांनो, पुढच्या विधानसभेची वाट पाहू नका. आपल्या बूथची मतदार यादी आजच हातात घ्या. ग्रामपंचायतीने मागासवर्गीयांसाठीचा पंधरा टक्के निधी कुठे खर्च केला, हे माहितीच्या अधिकारात विचारा. फलटण-मिरजेच्या आमदारांना दरवर्षी जाहीर सभेत बोलवा आणि विधानसभेत आपल्यासाठी किती प्रश्न मांडले याचा हिशेब मागा. मातंग, चर्मकार, धनगर, मुस्लिम वस्तीत निवडणूक नसतानाही जा. राखीव जागा संविधानाने दिली. तिच्यावर आपला माणूस बसवणे हे काम कुठलेही कलम आपल्यासाठी करणार नाही.

जय भीम!