आधी थांबली पाहिजे

गाडी सजविणे निराळे आणि ती शर्यतपथासाठी सिद्ध करणे निराळे, हे मला धुळ्याच्या माझ्या भाच्याने शिकविले. आमच्या जळगावात रुंद चाके आणि गुरगुरणारे सायलेन्सर मी पुष्कळ पाहिले आहेत. त्याने जुनी पोलो घेतली तेव्हा तेच होणार असे वाटले. पण त्याने इंजिनाला हातही लावला नाही. "मामा, आधी ती थांबली पाहिजे," एवढेच म्हणाला.

धावत्या गाडीला थांबवायचे म्हणजे तिच्या गतीची उष्णता ब्रेकने पोटात घ्यायची. वेग दुप्पट झाला की ही उष्णता चौपट होते. गावात ब्रेकला निवायला सवड मिळते, पथावर वळणामागून वळण येते. त्यात ब्रेकचे तेल हवेतील ओलावा शोषणारे. डॉट ४ प्रतीचे नवे तेल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत टिकते. ओलावलेले मात्र १५५ अंशांच्या आसपासही उकळू शकते. मग नळीत वाफ होते, वाफ दबते आणि पायाखालचे पेडल तळाला जाते. म्हणून पहिला खर्च तेलाचा, मग पॅडचा, मग टायरचा.

परंतु शर्यतीचे पॅड तापल्यावाचून नीट पकडत नाहीत. सकाळी मिस्सेला निघालेल्या गाडीपुढे एखादे पोर आले, तर तेच महागडे पॅड दगा देतील! आतला पोलादी पिंजराही हेल्मेट घातलेल्याला तारतो आणि उघड्या डोक्याला फोडतो. तो त्याने बसविलाच नाही. शिवाय कायदा आहे. कारखान्याने दिलेल्या मूळ रचनेत फेरफार करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली बजावले आहे.

खानदेशात असा पथ नाही. तो हजार किलोमीटरांहून दूर कोइंबतूरला जातो. मारुती ८०० च्या इंजिनावर शर्यतीच्या गाड्या घडविणाऱ्या करिवर्धन यांचे नाव तेथील पथाला आहे. साधे पॅड लावून जायचे, तेथे बदलायचे, परतताना पुन्हा बदलायचे. एवढी यातायात करणारा मुलगा महामार्गावर मात्र ट्रकच्या मागे निमूट चालतो.

माझ्या बहिणीचे दुःख वेगळेच. पथावर उतरताना गाडीतील प्रत्येक सुटी वस्तू काढावी लागते, म्हणून डॅशबोर्डवरचे संत ख्रिस्तोफरही उतरविले जातात. ती दोन दिवस बोलली नाही. अखेर तिने संतांचे पदक त्याच्या पाकिटात घातले. पाकीटही बाहेरच ठेवावे लागते, हे त्याने तिला अद्याप सांगितलेले नाही.