राजाची वंशावळ आणि आपल्या आजोबांची

अकोल्याहून एस.टी.ने पातूर, मालेगाव मागे टाकले की वाशीम येते. कुणी बालाजीच्या मंदिरासाठी येतो, कुणी पद्मतीर्थ पाहायला. वाकाटकांची वत्सगुल्म नगरी ती हीच. १९३९ साली इथे एक ताम्रपट सापडला. त्यात राजा विंध्यशक्ती, त्याचा बाप सर्वसेन आणि आजा प्रवरसेन अशी नावे कोरलेली आहेत. राजाचे तीन पिढ्यांचे नाव तांब्यावर राहिले. मग आपल्या कष्टकरी आजोबांचे नाव कुठे राहिले?

तेही आहे. तांब्यावर नाही, जुन्या कागदावर आहे. गावात कोण जन्मले, कोण वारले याची नोंद कोतवाल बुकात होत असे. अर्ज केला की तहसील कचेरीतून त्याची नक्कल मिळते. जुन्या नोंदीत बहुधा आडनाव नसते. ‘अमुक वल्द तमुक’ एवढेच आणि पुढे जात. पुष्कळदा बाळाचे नावही नसते, बापाच्या नावापुढे नुसते ‘मुलगी झाली’. जुनी पाने मोडीत असली तर मोडी वाचणारा माणूस गाठावा लागतो. दुसरा आधार म्हणजे शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर.

शोधणाऱ्याने जिल्ह्यांचा घोळ आधी समजून घ्यावा. इंग्रजांच्या काळी वाशीम हा वेगळा जिल्हा होता. १९०५ साली तो मोडला. वाशीम व मंगरूळ अकोल्यात गेले, पुसद यवतमाळकडे. १ जुलै १९९८ रोजी वाशीम पुन्हा जिल्हा झाला. म्हणून जुने कागद वाशीमला नसले तर अकोल्यालाही विचारावे. गाव कोणत्या तालुक्यात होते हे ठाऊक नसेल, तर १९१० चे अकोला गॅझेटियर आणि १९६१ च्या जनगणनेची जिल्हा पुस्तिका ग्रंथालयात पाहावी. पुस्तिकेत गावांची यादी तालुकावार आहे.

हा खटाटोप कशासाठी? जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागतात. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात आपण धम्म स्वीकारला. त्याआधीच्या कागदावर आजोबांची जुनी जातच लिहिलेली असणार. ती वाचून मान खाली घालू नये. १९९० च्या कायद्याने केंद्राच्या सवलती बौद्धांनाही मिळाल्या. त्यासाठी तोच कागद नातवाच्या उपयोगी पडतो.

पण कागदात आजीचे नाव बहुधा सापडत नाही. ते घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडीच आहे. तेव्हा मायबहिणींनो, आज रात्री जेवणे झाली की मुलांना वही घेऊन आजीजवळ बसवा. तिचे माहेर कोणते, तिच्या आईचे नाव काय, लग्न कोणत्या दुष्काळाच्या आगेमागे झाले, सारे लिहून घ्या. कचेरीतली नक्कल उद्या मिळेल, परवा मिळेल. आजीची आठवण मात्र आजच उतरवून घ्यायला हवी.