बटण कुणी दाबलं?

मेमो ताईंना मिळाला. त्यात 'निष्काळजीपणा' असं ठळक अक्षरांत छापलेलं होतं. ते आठवलं की अजून डोकं फिरतं.

अंधेरी एमआयडीसीतली आमची कंपनी. मेलचं सॉफ्टवेअर घरचंच, त्याच्या स्क्रीनचं डिझाइन माझ्याकडे. ताई अकाउंट्सला, मुलुंडहून यायच्या. पगाराचा तक्ता एचआरमधल्या प्रशांतला पाठवायचा होता. त्यांनी 'प्रशां' टाइप केलं, वर पहिला प्रशांत आला, एंटर मारलं. हा प्रशांत खोके पुरवणाऱ्या व्हेंडरकडचा! आदल्या दिवशी त्याच्याशी बरेच मेल झाले होते, म्हणून मशीनने त्याला वर चढवलेलं. एंटर मारलं की पत्ता लपतो, चौकटीत नुसतं नाव उरतं. माणूस बाहेरचा आहे हे ताईंनी ओळखायचं कशावरून? बाहेरच्या पत्त्याची चौकट पिवळी करा, असं मी आधीच लिहून दिलं होतं. 'दिसायला बरं नाही' म्हणून ते बाजूला पडलं. मीटिंगमध्ये हा कागद पुढे केला, तर साहेब म्हणाले, "पण बटण त्यांनीच दाबलं ना?" ताई गप्प. मेमो आजही त्यांच्या फाइलला आहे.

"रिकॉल करा," असाही हुकूम झाला. अहो, आउटलुकचं रिकॉलसुद्धा एकाच संस्थेच्या आत चालतं. दुसऱ्याच्या सर्व्हरवर गेलेला मेल गेला. जीमेलने 2009 साली 'अनडू सेंड' काढलं, तेव्हा 5 सेकंदं मिळायची, आता 30 पर्यंत मिळतात. त्यातही परत काही येत नाही, तेवढा वेळ मेल निघालेलाच नसतो. त्याआधी 2008 मध्ये त्यांचं 'मेल गॉगल्स' होतं: रात्री उशिरा मेल पाठवायचा तर आधी गणितं सोडवा. ते टिकलं नाही, पण अडवायचं कधी, हा विचार तरी त्यात होता.

आमच्याकडे काय झालं? प्रत्येक मेलला 'खात्री आहे का?' आठवड्याभरात सगळ्यांचं बोट न वाचताच 'हो'वर जायला लागलं. सारखं विचारणं म्हणजे न विचारणंच. पत्ता बाहेरचा आणि सोबत एक्सेल असेल, तेव्हाच विचारा की!

30 सेकंदं सगळ्यांना सक्तीची करा, म्हणून मीच भांडलो. ती झालीही. मग क्लायंटला फोनवर "पाठवला बघा" म्हणायचं आणि तिकडून "नाही आला हो" ऐकत बसायचं. माझ्या खात्यात मी ती 5 करून घेतली आहेत.