पहिली गिटार आणि अर्धा मिलिमीटर

नावाजलेल्या वादकाला पहिल्या गिटारबद्दल विचारलं की उत्तर बहुतेक ठरलेल्या चालीवर येतं. गिटार स्वस्तातली होती, तारा उंच होत्या, बोटं सोलवटून निघायची, तरी सोडली नाही. ऐकणारा त्यातून सोयीचा अर्थ काढतो: वाद्य रडकं होतं म्हणून वादक घडला. यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्यासारख्या तालुक्याच्या गावी गिटार शिकवणाऱ्याला हाच अर्थ पालकांच्या तोंडून वारंवार ऐकावा लागतो. ‘आधी साधीवर हात बसू द्या, मग बघू.’ साधी गिटार घ्यायला माझी काहीच हरकत नाही. हरकत आहे ती साधी म्हणजे न वाजणारी असं धरून चालण्याला. कारण त्या आठवणी शेवटपर्यंत ऐकल्या, तर त्या जितक्या हालअपेष्टांच्या आहेत तितक्याच दुरुस्तीच्याही आहेत.

बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसनचंच घ्या. साडेतीन पौंडांची, एग्मंड नावाच्या डच कंपनीची गिटार. तिच्या दांड्यामागचा स्क्रू त्याने उत्सुकतेपोटी फिरवला, दांडा सुटून हातात आला आणि गिटार कपाटात गेली. पुढे थोरल्या भावाने ती जोडून दिली. हॅरिसनच्या चिकाटीचं कौतुक करताना आपण या भावाला विसरतो. त्याचा साथीदार पॉल मॅकार्टनीने वडिलांनी दिलेला ट्रम्पेट देऊन झेनिथ गिटार घेतली, पण तो डावखुरा. तारा उलट क्रमाने लावल्या तेव्हा कुठे ती त्याच्या हाताला आली. आपल्याकडे ब्रिजभूषण काब्रांनी गिटार मांडीवर आडवी घेतली, नट म्हणजे दांड्याच्या टोकाची तारा पेलणारी पट्टी उंच केली, तारा दांड्यापासून वर उचलल्या आणि त्यांवरून धातूचा बार फिरवून राग वाजवला. ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या ध्वनिमुद्रिकेत ऐकू येणारी गिटार ती हीच. म्हणजे उंच तार हा मुळात दोषसुद्धा नव्हे. बार फिरवणाऱ्याला ती हवीच असते, बोटाने दाबणाऱ्याला मात्र ती छळते. प्रश्न वाद्य भारी की हलकं हा नसून ते ज्याच्या हातात आहे त्याच्यासाठी कुणी लावून दिलं का, हा आहे.

यावर नेहमीचा आक्षेप असा की, अवघड वाद्यावर शिकलेला पुढे कशावरही वाजवू शकतो. घट्टे पडल्याशिवाय विद्या येत नाही. घट्टे पडणारच, कितीही चांगल्या गिटारवर पडतात. पण उंच तारेचा त्रास बोटापुरता नसतो, तो कानापर्यंत जातो. खोक्यातून निघालेल्या स्वस्त गिटारवर बाराव्या फ्रेटपाशी जाड तार फ्रेटपासून साडेतीन-चार मिलिमीटर वर असणं नवलाचं नाही. ती अडीचच्या आसपास असायला हवी. इतक्या वरून तार दाबली की ती ताणली जाते आणि स्वर चढतो. नटच्या खाचा उथळ असतील तर पहिल्याच फ्रेटवर हा घोटाळा सर्वांत जास्त. उघड्या सहाही तारा ट्युनरवर बरोबर दिसतात आणि कॉर्ड धरली की बेसूर. शिकणारं पोर वाद्याला दोष देत नाही. आपल्यालाच कान नाही असं ठरवून मोकळं होतं. ते कान तयार होण्याच्या वयात असतं, ही यातली खरी चिंता. मग ज्यांनी सोडली त्यांना पहिल्या गिटारची आठवण कुणी विचारत नाही. टिकलेल्यांच्याच गोष्टी आपल्यापर्यंत येतात, आणि त्यावरून आपण ठरवतो की छळ उपयोगी असतो. एक मात्र मान्य करायला हवं: पेग सैल असलेली, घडीघडी उतरणारी गिटार तार कानाने लावायला शिकवते. तेवढा गुण तिच्या पदरात टाकू.

गंमत म्हणजे बाकीच्या वाद्यांबाबत आपला समाज असा विचार करतच नाही. गावोगावच्या भजनी मंडळांत राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांमुळे खंजिरी घरची झाली. पावसाळ्यात तिचं चामडं ओल धरून ढिलं पडतं, तेव्हा वाजवणारा ती आधी शेकून घेतो. पखवाजाच्या डाव्या तोंडाला ओली कणीक चढल्याशिवाय भजन सुरू होत नाही. मिरजेचा तानपुरा कारागिराने घोडी घासून जवारी काढल्याशिवाय दुकानाबाहेर पडत नाही. तिथल्या सतार-तानपुऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामागे लाकूड-भोपळ्याइतकीच ही हातोटी आहे. ढिल्या खंजिरीवर शिकलेला मोठा भजनी होतो, असं कुणी म्हटलं तर मंडळ त्याला वेड्यात काढेल. गिटार तेवढी कुरियरने खोक्यात येते, आणि ते खोकं उघडणाऱ्याला वाटतं की ती तयारच आहे.

दुसरा आक्षेप पैशांचा, आणि तो वजनदार आहे. कापूस-सोयाबीनच्या भावावर घर चालतं तिथे मुलाच्या छंदासाठी महागडी गिटार कुठून आणायची? आणूच नका. यवतमाळ जिल्ह्याच्या हवेत अख्ख्या लाकडाची भारी गिटार ही पहिली गिटार म्हणून जोखमीचीच. अशा वाद्याला साधारण 45 ते 55 टक्के आर्द्रता मानवते. आपल्याकडे मे महिन्यात पारा 44-45 अंशांपर्यंत जातो, हवा कोरडी ठणठणीत होते आणि अख्ख्या लाकडाला चीर जाऊ शकते. श्रावणात तेच लाकूड फुगतं आणि तारा आपोआप वर जातात. कुणी म्हणेल, उन्हाळ्यात घरात कूलर आहेच. पण कूलरची ओली हवा सरळ गिटारवर येणं आणि तो बंद झाल्यावर पुन्हा खडखडीत कोरड, या रोजच्या हेलकाव्यात नुकसान उलट वाढतं. ज्याला आपण हलकं म्हणतो ते प्लायचं अंग या हवेत मुकाट टिकतं. दांडा मात्र त्याचाही आकसतो. फ्रेटची धातूची टोकं कडेने बाहेर डोकावतात आणि तळहाताला करवतीसारखी लागतात. बारीक कानशीने ती घासली की काम भागतं.

राहिला प्रश्न, हे करायचं कुणी? गिटारचा कारागीर तालुक्याला नसतो, पण पेटीच्या पट्ट्या बसवणारा हात किंवा कसबी सुतार असतो, आणि शिकवणाऱ्याने स्वतः शिकून घ्यावं असंच हे काम आहे. तारा ढिल्या करून ब्रिजवरची पांढरी सॅडल उपसायची. पॉलिश पेपर काचेवर सपाट ठेवून सॅडलचा तळ घासायचा. वरची गोलाई मुळीच नाही. सॅडल एक मिलिमीटर उतरली की बाराव्या फ्रेटपाशी तार अर्धा मिलिमीटर खाली येते, हे गणित डोक्यात ठेवायचं. त्याआधी दांडा वाकलेला नाही ना हे पाहायचं आणि दांड्यात ट्रस रॉड असेल तर तो ॲलन कीने पाव फेऱ्याहून जास्त एकदम फिरवायचं नाही. सॅडल घासताना घाई केली तर तार फ्रेटला लागून खरखरते आणि घासलेलं प्लास्टिक परत येत नाही. सॅडलखाली कागदाच्या घड्या सरकवत बसावं लागतं. म्हणून थोडं घासायचं, तारा पुन्हा सुरात चढवायच्या, मोजायचं, आणि एफची कॉर्ड धरून सहाही तारा एकेक करून वाजवून बघायच्या. नव्या सहा तारा आणि एक दुपार, एवढाच काय तो खर्च.