पडणाऱ्याकडं बघ

24 जुलै 2025 रोजी हल्क होगन गेला आणि भाईंदर पश्चिमेला आमच्या मित्रांमधला लहानपणीचा वाद पुन्हा पेटला. होगनचं नाव जेवढं मोठं, तेवढी त्याची रिंगमधली कुस्ती मोठी होती का? एक मित्र राईगावातला, एक देवचंदनगरचा, एक उत्तनचा. तिघांची तीन मतं आजही कायम आहेत. माझंही एक मत आहे, पण ते माझ्या एकट्याचं नाही. ते मला एका माणसानं दिलं. त्याच्याबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं.

त्यांना आम्ही सगळे आबा म्हणायचो. मूळचे सांगलीकडचे. तरुणपणी मुंबईत गिरणीत लागले. 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या संपानं गिरणगावातली हजारो घरं विस्कटली, त्यात त्यांचंही विस्कटलं. परळची खोली सोडून ते भाईंदरला आले आणि पुढे आमच्या सोसायटीचे वॉचमन झाले. खाडीच्या वाऱ्यात मिठागरांचा वास यायचा, त्या काळचं हे भाईंदर. आबांचे दोन्ही कान मोडलेले होते. ते कान तालमीतले आहेत हे आम्हां पोरांना कुणी सांगायची गरज पडली नाही.

नव्वदच्या दशकात केबलवर डब्ल्यूडब्ल्यूएफ लागायचं आणि दुसऱ्या दिवशी जिन्यात ट्रम्प कार्डं निघायची. कार्डावर उंची, वजन, छाती, दंड आणि क्रमांक. ज्याचा आकडा मोठा, तो पैलवान मोठा. आमचे सगळे वाद त्या आकड्यांवर चालायचे. आबा खुर्चीत बसून ऐकायचे. एकदा ते म्हणाले, "आरं, ह्यात पडायचा रकाना कुठं हाय?" आम्हाला काही कळलं नाही. मग त्यांनी जे सांगितलं, त्यानं माझी नजर कायमची बदलली. "पाडणाऱ्याकडं सगळं जग बघतंय. तू पडणाऱ्याकडं बघ. खरी कुस्ती त्याच्या अंगात असती."

आबा गिरणीत असताना वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियममध्ये दारासिंगच्या कुस्त्या बघायला जायचे. त्या कुस्त्यांना मुंबई लोटायची, आणि त्याच वेळी गिरणगावातल्या तालमींमध्ये त्यांना नुरा कुस्ती म्हणून हिणवलंही जायचं. आबांच्या वस्तादांना ती मुळीच मान्य नव्हती. कोल्हापूरच्या खासबागच्या मातीत निकाल आधी ठरलेला नसतो, मग जिथं तो ठरलेला आहे तिथं कसब कसलं मोजायचं, हा त्यांचा सवाल. आबांनी त्या सवालाला स्वतःपुरतं उत्तर शोधलं होतं. निकाल ठरलेला असला तरी अंग ठरलेलं नसतं. दोनशे किलोच्या आसपास वजनाचा किंगकाँग नावाचा मल्ल दारासिंगनं उचलला की स्टेडियम दणाणायचं. आबा सांगायचे, उचलणाऱ्याची ताकद खरीच, पण त्या वेळी किंगकाँगनं आपलं अंग कसं आवळून धरलंय ते बघायचं. एवढं वजन सैल सुटलं तर उचलणाराही मोडेल आणि उचलला गेलेलाही. मे 1968 मध्ये मुंबईत दारासिंगनं लू थेझला हरवून जागतिक विजेतेपद मिळवलं, तेव्हा थेझ पन्नाशी ओलांडलेला होता. खऱ्या पकडींसाठी जगभर नावाजलेला हा मल्ल. विजेतेपद दारासिंगचं, पण त्या दिवशी थेझनं जे केलं ते दोघांतलं अवघड काम होतं, असं आबांचं ठाम मत होतं. दारासिंग त्यांचं दैवत. तरी दैवताला त्यांनी वेगळी फूटपट्टी लावली नाही.

हीच फूटपट्टी मग आम्ही टीव्हीवरच्या पैलवानांना लावू लागलो. 29 मार्च 1987 रोजी पाँटिअ‍ॅक सिल्व्हरडोममध्ये होगननं आंद्रे द जायंटला उचलून आपटलं. ते दृश्य आमच्या पिढीनं असंख्य वेळा पाहिलं. आंद्रेच्या पाठीवर त्याआधी शस्त्रक्रिया झाली होती आणि तो दुखण्यानं गांजला होता. तसल्या पाठीनं त्यानं स्वतःला उचलू दिलं, आणि तो बरोबर पडला म्हणून होगन अजरामर झाला. त्याच दिवशी त्याच रिंगमध्ये रँडी सॅव्हेज आणि रिकी स्टीमबोट पंधरा मिनिटांच्या आत एक लढत खेळून गेले. जाणकार आजही तिचंच नाव आधी घेतात. सॅव्हेजनं तिचा एकेक डाव आधी बसवून घेतला होता. दोघांपैकी कोण पाडतोय आणि कोण पडतोय हे बघताना नजर फिरत राहते, कारण दोघंही दोन्ही कामं सारखीच चोख करतात.

म्हणून होगनबद्दल माझं मत असं आहे : लोकांना उभं करण्यात त्याच्या तोडीचा कुणी नव्हता, पण रिंगमधल्या कसबात त्याचं नाव कामापेक्षा मोठं झालं. जपानमध्ये तो बराच अधिक डावपेचांची कुस्ती खेळायचा, म्हणजे त्याला येत होतं. अमेरिकेत त्याची गरज पडली नाही. आणि तरीही त्याला हलका म्हणताना जीभ अडखळते. समोरच्यावर पाय टाकून लढत संपवायचा त्याचा डाव मारताना तो दरवेळी स्वतःच्या माकडहाडावर आपटत होता. पुढे त्याच्या पाठीवर आणि खुब्यांवर शस्त्रक्रियांमागून शस्त्रक्रिया झाल्या. समोरच्याला त्या डावानं फारसं लागत नव्हतं. लागत होतं ते त्याला स्वतःला.

अल्टिमेट वॉरियरबद्दल मात्र मी ठाम आहे. धावत येणं, दोर हलवणं, रंगवलेला चेहरा, सगळं जबरदस्त, पण दम तिथंच संपायचा. 1990च्या एप्रिलमध्ये टोरांटोला त्यानं होगनला हरवलं ती लढत चांगली झाली, कारण ती दोघांनी नीट बसवली होती. एरवी त्याच्या लढती लवकर आटोपत्या घ्याव्या लागत. त्याच्या उलट अंडरटेकर. पावणेसात फुटांपुढचा हा माणूस समोरच्याचा हात धरून वरच्या दोरावरून चालायचा. आबांना हे फार आवडायचं. "ज्याचा हात धरलाय त्यो खांब झालाय बघ," ते म्हणायचे. "त्यो हलला तर ह्यो खाली." तोल दोघांनी मिळून राखलेला असतो, हे मी तिथं शिकलो.

गोल्डबर्गवरून आमच्यात सर्वांत जास्त भांडणं झाली. त्याची विजयमालिका, त्याचा तो भाल्यासारखा मुसंडी मारणारा डाव, पोरांच्या तोंडी दुसरं काही नसायचं. पण 19 डिसेंबर 1999 रोजी त्याची एक लाथ ब्रेट हार्टच्या डोक्याला लागली. मेंदूला मार बसला आणि पुढच्याच वर्षी ब्रेटला कुस्ती सोडावी लागली. हा ब्रेट म्हणजे कसबाचा वस्ताद. 31 मार्च 1996 रोजी शॉन मायकल्सबरोबर तो साठ मिनिटं खेळला आणि त्या तासाभरात कुणाचाच खांदा टेकला नाही. निकाल जादा वेळेत लागला. ज्याच्या हाताखाली समोरच्याला इजा होत नाही, असं ब्रेटचं नाव होतं, आणि त्याचीच कारकीर्द दुसऱ्याच्या पायानं संपली.

मी हे आबांना सांगितलं तेव्हा गोल्डबर्गची बाजू मांडायला तेच पुढे झाले. 3 ऑगस्ट 1997 रोजी ब्रेटचा धाकटा भाऊ ओवेन हार्टच्या डावात स्टीव्ह ऑस्टिनची मान दुखावली होती आणि काही क्षण त्याला हातपाय हलवता येईनात. ओवेन तर कसबी होता. आबा म्हणाले, एका घटनेवरून माणूस मोजायचा नाही. त्याला शिकवलं किती, उभं केलं किती लवकर, आणि पैसे कमवायच्या घाईत त्याच्या हातात दुसऱ्याचा जीव कुणी दिला, हे विचारायचं. गोल्डबर्ग फुटबॉलमधून आला होता आणि रिंगमध्ये आल्यावर वर्षभरात विजेता झाला. त्याच्या नावाचा फुगा त्यानं एकट्यानं फुगवला नाही. आबांचं हे म्हणणं मी मान्य केलं आणि आजही मानतो.

तीच दयाबुद्धी त्यांनी द ग्रेट खलीला दाखवली. 2007 साली हिमाचलच्या दलीपसिंग राणानं जागतिक विजेतेपद घेतलं तेव्हा भाईंदरमध्ये पोरं नाचली आणि कुस्ती कळणारे हसले. खलीला नीट चालता येत नाही, असं ते म्हणायचे. आबा रागावले. ज्या आजारानं ती उंची दिली त्यानंच त्या शरीराला जखडलंय, हे त्यांनी बघताक्षणी ओळखलं होतं. 2012 साली खलीच्या मेंदूजवळच्या ग्रंथीतली गाठ काढली, तेव्हा मला त्यांचं बोलणं आठवलं. खलीचं नाव कसबापेक्षा मोठं होतं, यात शंका नाही. त्याला मोठं दाखवणारे बटिस्टासारखे गडी मात्र त्या लढतींत आपलं काम उत्तम करत होते.

पण आबांचं माझ्यावरचं ऋण वादापुरतं नाही. टीव्हीवरचे डाव आम्ही गच्चीत एकमेकांवर करायला लागलो तेव्हा त्यांनी आम्हाला हाकललं नाही. जुन्या गाद्या आणवल्या आणि डाव सोडून फक्त पडणं शिकवलं. हनुवटी छातीला. श्वास सोडायचा. खाली हात रोवायचा नाही, सगळा हात पसरून जमिनीवर आपटायचा. पडताना गोळा व्हायचं. जोडीदार पडल्यावर आधी त्याच्या डोळ्यांत बघायचं, मग पुढचा डाव. आम्हाला कंटाळा यायचा. आबांना यायचा नाही.

कॉलेजात असताना एका संध्याकाळी भाईंदर स्टेशनवर गाडी पुरती थांबायच्या आत मागून रेटा आला आणि मी फलाटावर फेकला गेलो. काही विचार करायला सवडच नव्हती. हनुवटी आपोआप छातीला टेकली, खांद्यावरून लोळलो. खांदा सोलवटला, एवढंच. तपासताना फिजिओथेरपिस्ट बाईंनी विचारलं, पडायला कुणी शिकवलं? मी आबांचं नाव सांगितलं. त्यांनी पडण्याचं शास्त्र मला समजावून सांगितलं आणि मान, खांदा, मनगट यांच्याविषयीचं माझं कुतूहल तिथं जागं झालं. पुढे मी तोच अभ्यासक्रम केला. आज भाईंदर पश्चिमेतच माझं छोटं क्लिनिक आहे.

आबांनी एक गोष्ट अनेकदा सांगितली होती. 1952च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जायला खाशाबा जाधवांकडे पैसे नव्हते. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर सात हजार रुपयांना गहाण ठेवलं. गोळेश्वरच्या या मल्लानं ब्राँझपदक आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक. परत आल्यावर त्यानं कुस्त्यांची मैदानं भरवली आणि आलेल्या पैशातून खर्डेकरांचं घर सोडवलं. आबांच्या दृष्टीनं पदकाइतकंच मोठं होतं ते हे. ज्यानं आपल्याखाली खांदा दिला त्याला खाली पडू द्यायचं नाही.

मला ते जमण्याआधी आबा गेले. पाय थकल्यावर ते गावी परतले आणि तिथंच वारले. त्यांच्या गुडघ्यांवर उपचार करायची माझी इच्छा तशीच राहिली. म्हणून जे त्यांना परत देता आलं नाही ते मी इथं देतो. माझ्याकडे येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना तोल राखायचे आणि सुरक्षित पडायचे व्यायाम मी आवर्जून शिकवतो. उतारवयात एका चुकीच्या पडण्यानं खुबा मोडतो आणि माणूस अंथरुणाला खिळतो, हे मी रोज बघतो. कुस्ती खेळणाऱ्या मुली खांदे आणि मानेची दुखणी घेऊन येतात. त्यांच्या कागदावर मी त्यांच्याबरोबर सरावाला असलेल्या जोडीदारणीचंही नाव लिहून घेतो, आणि पुढच्या वेळी तिलाही सोबत बोलावतो. दुखणं एकीचं असलं तरी ते बरं करायचं काम दोघींचं असतं. पदक आलंच, तर त्यातही दुसरीचा वाटा आहे, हे पहिलीला त्या वयातच कळलेलं बरं.