विद्यापीठ, भांडवल आणि गेमनिर्मिती : डंडी शहराचा अनुभव

एखाद्या प्रदेशात व्हिडिओ गेमनिर्मितीचा उद्योग रुजवायचा असेल, तर शासनाने सवलती द्याव्यात, विद्यापीठाने पदवी सुरू करावी आणि गुंतवणूकदारांनी पैसा ओतावा, असे सूत्र धोरणविषयक चर्चेत सर्रास मांडले जाते. परंतु या तिघांनी आपापले काम कोणत्या क्रमाने आणि कोणत्या प्रमाणात करावे, याचा उलगडा त्या सूत्रातून होत नाही. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर, टे नदीच्या मुखाशी वसलेल्या डंडी शहराचा गेल्या चार दशकांचा अनुभव या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे, कारण जेमतेम दीड लाख वस्तीच्या या शहरात गेमउद्योग उभा राहिला, त्यातील मोठ्या कंपन्या एकतर बाहेर गेल्या किंवा बुडाल्या, आणि तरीही उद्योग मात्र तेथेच राहिला.

डंडीची जुनी ओळख तागाची. बंगालमधून येणाऱ्या कच्च्या तागावर एकोणिसाव्या शतकात येथील गिरण्या चालत, आणि पुढे कोलकात्याच्या गिरण्यांनी तोच धंदा स्वस्तात करायला सुरुवात केल्यावर डंडीची घसरण झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर आलेल्या टायमेक्स या घड्याळकंपनीच्या कारखान्याने काही काळ रोजगार दिला, आणि याच कारखान्यात १९८२ पासून सिंक्लेअर कंपनीच्या ‘झेडएक्स स्पेक्ट्रम’ या घरगुती संगणकाची जुळणी होऊ लागली. त्याची सर्वांत स्वस्त आवृत्ती १२५ पौंडांना मिळे, म्हणजे तो कामगारवर्गाच्या आवाक्यात होता. शिवाय तो सुरू करताच पडद्यावर बेसिक ही प्रोग्रॅमिंगची भाषा समोर येत असल्याने खेळणारा मुलगा आपोआप प्रोग्रॅम लिहिण्याकडे वळे. टायमेक्सचा कारखाना दीर्घ संपानंतर १९९३ मध्ये बंद पडला, पण तोवर या यंत्रावर हात बसलेली एक पिढी शहरात तयार झाली होती.

या पिढीतील डेव्हिड जोन्स टायमेक्समधून बाहेर पडताना मिळालेल्या पैशातून अमिगा संगणक घेतो, स्थानिक तंत्रसंस्थेत संगणकशास्त्र शिकू लागतो आणि हौशी संगणकमंडळात भेटलेल्या मित्रांना घेऊन ‘डीएमए डिझाइन’ ही कंपनी काढतो. येथे एक तपशील जवळून पाहण्यासारखा आहे. पडद्यावरची चालणारी माणसाची आकृती किती लहान करता येईल, याविषयी कंपनीत मतभेद झाला असता माइक डेली या प्रोग्रॅमरने प्रत्येकी आठ ठिपके उंची-रुंदीच्या चौकटीत चालणारा माणूस काढून दाखवला. आकृती इतकी लहान असल्यामुळे एकाच वेळी अशी कित्येक माणसे पडद्यावर चालवता येतील, हे लक्षात आले आणि त्यातून १९९१ चा ‘लेमिंग्ज’ हा जगभर खपलेला गेम जन्माला आला. गेमनिर्मितीतील कल्पना कागदावरच्या योजनेतून क्वचितच निघते, ती करून पाहण्यातून निघते, आणि करून पाहायला वेळ, यंत्र व सोबती लागतात, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते. याच कंपनीने १९९७ मध्ये ‘ग्रँड थेफ्ट ऑटो’ घडवला.

त्याच वर्षी, म्हणजे १९९७ मध्ये, जोन्स जेथे शिकत होते त्या तंत्रसंस्थेतून घडलेल्या ॲबर्टे विद्यापीठाने संगणक गेमची पदवी सुरू केली. ती जगातील अशी पहिली पदवी मानली जाते. येथे क्रम ध्यानात घेतला पाहिजे. विद्यापीठाने उद्योग निर्माण केला नाही. शहरात जो उद्योग आधीच हातपाय पसरू लागला होता, त्याला नियमित माणसे पुरवण्याची आणि त्याचे ज्ञान पुढच्या पिढीकडे नेण्याची व्यवस्था त्याने उभारली. या व्यवस्थेचा सर्वांत परिणामकारक भाग वर्गाबाहेरचा होता. ‘डेअर टू बी डिजिटल’ या उन्हाळी स्पर्धेत प्रोग्रॅमर आणि कलाकार अशा निरनिराळ्या अंगांच्या विद्यार्थ्यांचे छोटे चमू काही आठवडे एकत्र राबून गेमचा प्रोटोटाइप, म्हणजे मूळ कल्पना खेळून तपासता येईल इतपत चालता नमुना, तयार करत, आणि तो सर्वसामान्य लोकांसमोर खेळायला ठेवला जाई. परीक्षेतील गुण एकट्याचे असतात, पण गेम हा एकट्याने क्वचितच पुरा होतो. ही तफावत या स्पर्धेने भरून काढली.

भांडवलाची बाजू मात्र अधिक गुंतागुंतीची आहे. गेमनिर्मितीत खर्च आधी होतो आणि उत्पन्न विक्रीनंतरच येते. मधल्या दोन-तीन वर्षांचे पगार बहुधा प्रकाशक कंपनी आगाऊ देते, पण ती रक्कम टप्प्याटप्प्याने, ठरलेला भाग पूर्ण झाल्यावर मिळते, आणि मोबदल्यात गेमचे हक्क अनेकदा प्रकाशकाकडे जातात. हक्क गेले की नियंत्रणही जाते, याचा प्रत्यय डंडीला लवकर आला. डीएमए विकली गेली, हस्तांतरे होत होत १९९९ मध्ये टेक-टू या अमेरिकी समूहाकडे पोहोचली, आणि एडिनबरोला जाऊन ‘रॉकस्टार नॉर्थ’ या नावाने वाढली. जोन्स यांनी २००२ मध्ये डंडीतच ‘रिअलटाइम वर्ल्ड्‌स’ ही नवी कंपनी काढली आणि साहसवित्ताच्या, म्हणजे मोठ्या परताव्याच्या आशेने मोठी जोखीम पत्करणाऱ्या भांडवलाच्या, रूपाने दहा कोटी डॉलरहून अधिक रक्कम उभी केली. हा पैसा प्रामुख्याने ‘एपीबी’ या एकाच ऑनलाइन गेमवर लागला; तो २०१० च्या उन्हाळ्यात बाजारात आला, ऑगस्टमध्ये कंपनी दिवाळखोरीच्या कारवाईत गेली आणि सप्टेंबरमध्ये गेमचे सर्व्हरही बंद झाले.

एवढ्या मोठ्या आघाताने शहरातील उद्योग संपायला हवा होता. तो संपला नाही, याचे श्रेय बव्हंशी त्यानंतरच्या लहान रकमांच्या गुंतवणुकीला जाते. ॲबर्टे विद्यापीठामार्फत चालवलेल्या निधीतून छोट्या कंपन्यांना प्रोटोटाइपसाठी २५,००० पौंडांपर्यंत अनुदान मिळू लागले, आणि बेकार झालेल्या अनुभवी माणसांनी शहर सोडण्याऐवजी पाच-दहा जणांच्या कंपन्या काढल्या. हीच कल्पना पुढे राष्ट्रीय पातळीवर गेली आणि २०१५ मध्ये ‘यूके गेम्स फंड’ सुरू झाला, त्याचे ठाणेही डंडीच राहिले. दरम्यान २०१४ पासून ब्रिटनमध्ये गेमनिर्मितीला करसवलत लागू झाली. तिचा हिशेब साधा होता : एखाद्या गेमचा पात्र खर्च दहा लाख पौंड असेल, तर त्यापैकी ८० टक्के, म्हणजे आठ लाख, विचारात घेतले जात, आणि कंपनी तोट्यात असल्यास त्याच्या २५ टक्के, म्हणजे दोन लाखांपर्यंत, रोख परत मिळू शकत. मात्र त्यासाठी ब्रिटिश किंवा युरोपीय सांस्कृतिक आशयाच्या कसोटीवर गेमला ठराविक गुण मिळवावे लागत. अनुदान आरंभीच्या जोखमीला हात देते आणि करसवलत अखेरच्या खर्चाला. दोन्ही असतील तरच साखळी पूर्ण होते.

डंडीच्या यशालाही मर्यादा आहेत. पदवीधरांपैकी अनेकांना अधिक पगारासाठी शहराबाहेर जावे लागते, आणि कित्येक छोट्या कंपन्या स्वतःच्या कल्पनेपेक्षा इतरांच्या कामावर गुजराण करतात. तथापि दुसऱ्याचे काम नेहमीच कमी दर्जाचे नसते : डंडीच्याच ‘फोरजे स्टुडिओज’ने २०१२ मध्ये ‘माइनक्राफ्ट’ची एक्सबॉक्स आवृत्ती घडवली आणि दुसऱ्याच्या गेमवर काम करूनही भक्कम पाया मिळवला.

स्वतःची कल्पना की दुसऱ्याचे काम, हा मुद्दा महाराष्ट्राला थेट लागू पडतो. पुण्यात युबिसॉफ्ट या बड्या गेमकंपनीचा स्टुडिओ २००८ पासून आहे. त्याने मुंबईच्या स्टुडिओसह हाती घेतलेली ‘प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम’ची नवी आवृत्ती २०२० मध्ये जाहीर झाली, आणि २०२२ मध्ये ते काम मूळ गेम जेथे घडला होता त्या माँट्रियलच्या स्टुडिओकडे गेले. त्याच पुण्यातील ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या छोट्या कंपनीचा ‘राजी’ हा भारतीय पुराणकथांवर बेतलेला गेम २०२० मध्ये प्रसिद्ध झाला, पण त्याआधी २०१७ मध्ये लोकवर्गणीतून पैसा उभारण्याचा त्याचा प्रयत्न उद्दिष्टापर्यंत पोहोचला नव्हता. म्हणजे कुशल माणसे येथे आहेत; नाही ते काय घडवायचे हे ठरवण्याचा अधिकार आणि पहिल्या नमुन्यापुरते भांडवल. मुंबईत सर्जनशील तंत्रज्ञानाची राष्ट्रीय संस्था २०२५ मध्ये सुरू झाली असून, ॲनिमेशन, दृश्यपरिणाम आणि गेमिंगसाठी राज्याचे स्वतंत्र धोरणही त्याच वर्षी मंजूर झाले आहे. या प्रयत्नांचे मूल्यमापन इमारतींच्या चौरस फुटांवर किंवा किती बड्या कंपन्यांनी करारांवर सह्या केल्या यावर होऊ नये. दरवर्षी किती लहान चमूंना प्रोटोटाइपपुरता पैसा मिळाला, त्यांपैकी किती जणांनी गेमचे हक्क स्वतःकडे राखले, आणि एखादी कंपनी बुडाल्यावर तिची किती माणसे दोन वर्षांनंतरही त्याच शहरात गेम घडवत होती, हे तीन आकडे शासनाने नियमित प्रसिद्ध करावेत. पदवी आणि अनुदान यांवरचा खर्च सार्थकी लागला की नाही, हे त्यांवरूनच ठरेल.