हेडमास्तरांची पाठराखण

हेडमास्तराच्या अंगीं जो आत्मविश्वास दिसतो तो येतो कोठून, असें विचारलें तर बहुतेक सुशिक्षित माणसें पदवी आणि अनुभव हीं दोन नांवें घेऊन मोकळीं होतात. आमच्या मतें तो शेजारच्या वर्गांतून येतो.

असें म्हणावयास आम्हांस आधार सांपडला तो शिरवळाजवळच. नीरेच्या या काठीं, शिरवळपासून थोड्याच अंतरावर, खंडाळा तालुक्यांतलें नायगांव आहे. १८३१ सालीं सावित्रीबाई फुले येथें जन्मल्या. १८४८ पासून त्या पुण्यांत मुलींना शिकवूं लागल्या आणि १८५१ सालीं चिपळूणकरांच्या वाड्यांत निघालेल्या शाळेच्या मुख्य अध्यापिका झाल्या. त्यांच्या अंगावर शेण फेकणाऱ्यांची गोष्ट शाळेंतलें पोरहि सांगतें. पण त्या धैर्याची आरती ओवाळतांना एक साधी गोष्ट नजरेआड होते. बाई एकट्या नव्हत्या.

१८५६ च्या आक्टोबरांत त्या आजारपणामुळें नायगांवीं माहेरीं होत्या. १० तारखेस त्यांनीं तेथून जोतीरावांस पत्र लिहिलें. आजारांत ज्या भावानें मनापासून सेवा केली तोच भाऊ, महारमांगांना शिकविल्यामुळें तुम्ही वाळींत पडलां, आतां तरी जातीच्या रीतीनें वागा, म्हणून त्यांस बोल लावीत होता. बाईंनीं त्यास सडेतोड उत्तर दिलें. आणि त्याच पत्रांत त्या लिहितात कीं, फातिमेला फार त्रास पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाहीं. अध्यापिका आजारपणामुळें पुण्यापासून दूर, सख्खा भाऊ विरुद्ध. तरी काम बंद पडेल ही भीति पत्रांत नाहीं. चिंता आहे ती सहकारिणीवर पडलेल्या ओझ्याची! भावाला उत्तर देण्याचें बळ पुण्याकडल्या या माणसांच्या भरंवशावर उभें होतें, असें आम्हांस वाटतें.

अल्बर्ट बंडुरा या मानसशास्त्रज्ञानें १९७७ सालीं स्वतःच्या कर्तृत्वावरील विश्वासाचीं चार उगमस्थानें सांगितलीं: आपलें पूर्वीचें यश, आपल्यासारख्याचें पाहिलेलें यश, विश्वासू माणसाचा शब्द आणि तनामनाची स्थिति. पैकीं मधलीं दोन तर सरळच दुसऱ्याच्या हातीं आहेत.

२००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्यानें प्राथमिक शाळेंत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक ठरविले. स्वतंत्र मुख्याध्यापक १५० मुलांच्या पुढें. म्हणजे वाडीवस्तीवर दोघांपैकीं जो वडील तोच हेडमास्तर. पोषण आहाराचा हिशेब, व्यवस्थापन समितीची बैठक, संगणकावर माहिती भरणें, हें सारें सांभाळून त्यानें शिकवावयाचेंहि. अशा ठिकाणीं दुसरा शिक्षक हाच त्याचा सल्लागार आणि हाच टीकाकार. होजी होजी करणारा नव्हे. तो आत्मविश्वास देत नाहीं, नुसती सूज देतो. एकांतांत "सर, हें चुकलें" म्हणणारा आणि चावडीवर सरांची बाजू घेणारा हवा.

आमचा एक जुना विद्यार्थी अशा शाळेवर आहे. त्यानें आणि त्याच्या सोबत्यानें पुस्तकांचें कुलपांतलें कपाट व्हरांड्यांत आणून उघडें ठेविलें. पुस्तकें फाटतील, हरवतील, तर पाहूं! पुढें सोबत्याची बदली झाली. नवे गृहस्थ घड्याळाकडे पाहून येत आणि घड्याळाकडे पाहून जात. भांडण नाहीं, बोलणेंहि नाहीं. वर्षाच्या आंत कपाट पुन्हां आंत गेलें, कुलूप लागलें, आणि पताकांचा रंग कोणता असावा हेंहि आमचा विद्यार्थी केंद्रप्रमुखांस विचारूं लागला. माणूस तोच, पदवी तीच. बदलीच्या यादींत अंतरें आणि सेवेचीं वर्षें मोजतात. कोणाला कोणापासून तोडलें याला त्या यादींत रकाना नाहीं.

गेल्या जूनमध्यें तेथें एक तरुण बाई आल्या. परवां विद्यार्थ्याचें पत्र आलें, त्यांत तक्रारच फार: बाई उलट बोलतात, वेळापत्रक बदला म्हणतात, हजेरीची वहीदेखील त्यांना नवी पाहिजे. खालीं ताजा कलम होता, कीं कपाट बाहेर काढलें आहे, तुमच्याकडे कांहीं जुनीं पुस्तकें असल्यास पाठवावीं.